चाळिशीतला विद्यार्थी : दादासाहेब फाळके



यंदाच्या भित्तिपत्रकात प्रत्येकाने एका थोर माणसाचे चरित्र लिहायचे ठरले. कोणी शिवाजी महाराज घेतले, कोणी सावित्रीबाई, कोणी लोकमान्य टिळक. मी दादासाहेब फाळके घेतले. सिनेमा सगळ्यांनाच आवडतो. पण ज्यांनी आपल्या देशात सिनेमाचा धंदा उभा केला, ते कॅमेरा चालवायला कसे शिकले हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणून मी मुख्यतः त्यांच्या शिकण्याची गोष्ट सांगणार आहे. लेख लांबला, तेव्हा गुरुजींनी तो पाच कागदांवर लावू दिला. कृपया डावीकडच्या कागदापासून वाचावा.

जन्म आणि शिक्षण

दादासाहेबांचे खरे नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. गोदावरी नदी जिथे उगम पावते तेच हे गाव. त्यांचे वडील संस्कृतचे मोठे पंडित होते. त्यांना लोक दाजीशास्त्री म्हणत. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याचे काम मिळाले, तेव्हा सगळे घर त्र्यंबकहून मुंबईला गेले.

धुंडिराजला लहानपणापासून चित्रे काढायचा नाद होता. शास्त्र्याच्या घरातला मुलगा, त्याने पोथ्या शिकाव्यात असेच त्या काळी कोणालाही वाटले असते. पण तो १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे तो बडोद्याला गेला. तिथे कलाभवन नावाची मोठी नावाजलेली शाळा होती. कलाभवनात नुसती चित्रकला नव्हती, हाताने करायच्या पुष्कळ विद्या होत्या. तिथे तो रंगकाम शिकला, मातीच्या मूर्ती करायला शिकला, इमारतींचे नकाशे काढायला शिकला.

१८९० च्या सुमारास त्यांच्या हाती पहिला कॅमेरा आला. हा सिनेमाचा कॅमेरा नव्हे, साधा फोटो काढायचा. सिनेमा तेव्हा जगात कुठेच सुरू झालेला नव्हता. फोटो काढणे म्हणजे आजच्यासारखे बोट लावले की झाले, असे नव्हते. फोटो घ्यायचा, मग अंधाऱ्या खोलीत जाऊन तो औषधाच्या पाण्यात धुवायचा, मग कागदावर उतरवायचा. ही सगळी कामे ते स्वतः करत. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनी त्यांचा हात बघून त्यांना रतलामला पाठवले. तिथे ते रंगीत चित्रे छापण्याचे ठसे बनवायला शिकले.

दुःखाचे दिवस आणि जादूचे प्रयोग

शिकून झाले, पण पोट कसे भरायचे? त्यांनी फोटोग्राफर म्हणून दुकान मांडले. काही दिवस ते गोध्र्याला होते. १९०० च्या सुमारास तिथे प्लेगची साथ आली आणि तीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. हे वाचताना मला फार वाईट वाटलं. ते गोध्रा सोडून बडोद्याला परत आले.

बडोद्यात पुन्हा फोटोचा धंदा सुरू केला, तर लोक फोटो काढून घ्यायला घाबरायचे. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस लवकर मरतो, अशी त्या काळी समजूत होती म्हणे. धंदा चालेना.

मग काय केले असेल त्यांनी? ते जादूचे प्रयोग शिकले! बाहेरदेशी जादूगाराकडून त्यांनी हातचलाखी उचलली आणि प्रयोग करू लागले. तेव्हा त्यांनी स्वतःला प्रोफेसर केळफा असे नाव घेतले होते. फाळके हे नाव उलटे वाचून बघा, म्हणजे समजेल. ही जादू त्यांना पुढे सिनेमात फार उपयोगी पडली. ती कशी, ते पुढच्या कागदावर येईल.

१९०२ साली त्यांनी दुसरे लग्न केले. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा. १९०३ साली त्यांना पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली. जुन्या वास्तूंचे फोटो काढायचे आणि चित्रे रेखाटायची, असे ते काम होते. पण स्वदेशीची चळवळ सुरू झाली तेव्हा त्यांनी ही सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्याला छापखाना घातला. पुढे तो मुंबईला दादरला नेला. रंगीत छपाईची यंत्रे आणायला ते १९०९ साली जर्मनीलाही जाऊन आले. छपाई उत्तम व्हायची, पण भागीदाराशी पटेना, तेव्हा त्यांनी छापखानाही सोडला.

म्हणजे बघा, वय झाले चाळीस. घरी बायको-मुले. हातात नोकरी नाही, धंदा नाही.

पडद्यावरचे चित्र

अशा वेळी, १९१०-११ च्या सुमारास, ते आपल्या मोठ्या मुलाला, भालचंद्रला घेऊन मुंबईत सिनेमा बघायला गेले. त्यात जनावरे होती. भालचंद्र घरी येऊन सांगू लागला, की पडद्यावर जनावरे हलतात, चालतात. कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे घर सिनेमाला गेले. त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा सिनेमा लागला होता. त्यांच्या चरित्रात ही गोष्ट अशीच सांगतात.

पडद्यावर ख्रिस्त बघता बघता दादासाहेबांच्या मनात राम आणि कृष्ण दिसू लागले. आपल्या देवांची, आपल्या पुराणांची चित्रे अशीच पडद्यावर का येऊ नयेत, असे त्यांना वाटले. परदेशी लोक सिनेमा करतात, मग आपल्याला का जमू नये? त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेना.

याआधी आपल्याकडे कोणीच काही केले नव्हते असे नाही. मुंबईला ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा सिनेमा दाखवला गेला. सावेदादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली कुस्तीचे चित्रण केले होते. दादासाहेब तोरणे यांचा पुंडलिक १९१२ साली आला, पण ते नाटकाचे केलेले चित्रण होते. पूर्ण गोष्ट रचून, सगळी कामे आपल्याच माणसांकडून करून घेऊन सिनेमा तयार करणे ही गोष्ट फाळक्यांनी केली.

चित्र हलते कसे?

आता थोडी शास्त्राची माहिती सांगतो. गुरुजींनी आम्हांला वर्गात एक प्रयोग करून दाखवला. पुठ्ठ्याचे खोके घेतले. एका बाजूला सुईने बारीक भोक पाडले. समोरच्या बाजूचा पुठ्ठा काढून तिथे तेल लावलेला पातळ कागद चिकटवला. डोक्यावर घोंगडी घेऊन त्या कागदाकडे बघितले, तर बाहेरचे लिंबाचे झाड आणि झेंड्याचा खांब कागदावर दिसले. पण उलटे! खांबाचे टोक खाली आणि बूड वर. वरून येणारा उजेड भोकातून सरळ खाली जातो आणि खालचा वर जातो, म्हणून चित्र उलटे पडते. कॅमेरा म्हणजे असेच एक अंधारे खोके. भोकाच्या जागी भिंग असते आणि तेलकट कागदाच्या जागी फिल्म.

दुसरा प्रयोग तुम्ही स्वतः करू शकता. वहीच्या कोपऱ्यात एकेका पानावर चेंडूचे चित्र काढा. प्रत्येक पानावर चेंडू थोडा थोडा वर सरकवा. मग पाने भरभर सोडा. चेंडू उडालेला दिसतो. चेंडू काही खरा उडत नाही. स्थिर चित्रे एकामागून एक भरभर आली की आपल्याला ती हलल्यासारखी वाटतात. सिनेमाही असाच आहे. तो मुळात हलत नाही.

त्या काळच्या कॅमेऱ्याला वीज किंवा बॅटरी नव्हती. बाजूला एक दांडा असायचा, तो हाताने फिरवायचा. एका फेऱ्यात आठ चित्रे उमटत. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रे. हे फिरवणे सोपे नाही. जाते जसे एका लयीत ओढावे लागते, तसा दांडाही एका लयीत फिरवावा लागतो. दांडा हळू फिरवला तर पडद्यावर माणसे भराभर पळताना दिसतात. जोरात फिरवला तर सावकाश चालताना दिसतात. कॅमेरा शिकायचा म्हणजे आधी हात शिकवायचा.

दुसरा धडा उजेडाचा. उजेड कमी पडला तर चित्र काळवंडते, जास्त झाला तर पांढरे फटक पडते. तिसरा धडा अंतराचा. माणूस आणि कॅमेरा यांच्यातले अंतर मोजून भिंग लावले नाही तर चेहरा पुसट येतो. चौथा धडा चौकटीचा. आपल्याला डोळ्यांनी सगळे मैदान दिसते, कॅमेऱ्याला चौकटीपुरतेच दिसते. माणूस चौकटीबाहेर गेला की तो सिनेमात नाहीच. आणि पाचवा धडा धीराचा. चित्र घेतले की लगेच बघता येत नसे. फिल्म धुवून होईपर्यंत बरे आले की वाईट आले, काहीच कळत नसे.

हे सगळे धडे दादासाहेबांना शिकायचे होते. आणि मुंबईत शिकवणारा कोणी नव्हता.

डोळ्यांवर बेतले

मग ते स्वतःच स्वतःचे मास्तर झाले. लहानसा कॅमेरा आणि फिल्मची रिळे मिळवली आणि घरी प्रयोग सुरू केले. रोज संध्याकाळी सिनेमा बघायला जायचे. आपण गोष्ट बघायला जातो, ते गोष्ट कशी तयार केली ते बघायला जात. घरी आल्यावर पुन्हा पुस्तके आणि प्रयोग. झोप अगदी थोडी.

असे पुष्कळ दिवस चालले आणि त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाले. चित्रकार, फोटोग्राफर, ज्याचे पोटच डोळ्यांवर, त्या माणसाला दिसेना! घरातल्यांना काय वाटले असेल? एका डॉक्टरांनी उपचार केले, वेगवेगळ्या नंबरांचे चष्मे दिले आणि हळूहळू नजर परत आली.

मला वाटलं होतं, इथे तरी ते थांबले असतील. पण नजर आल्यावर त्यांनी पहिल्याने काय केले? पुन्हा सिनेमाच बघायला लागले.

विलायतेची शाळा

पुस्तके वाचून आणि सिनेमे बघून जेवढे शिकता येते तेवढे झाले होते. आता प्रत्यक्ष बघायला हवे होते. त्यासाठी विलायतेला जायला हवे आणि विलायतेला जायला पैसे हवेत. त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले. आपल्या पश्चात बायको-मुलांना आधार म्हणून माणूस विमा उतरवतो. तोच त्यांनी गहाण टाकला. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीने निघाले.

लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. त्यांना तिथे बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाची पाटी दिसली. हे साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत. ते सरळ आत गेले आणि संपादकांना भेटले. संपादकसाहेबांनी आधी त्यांना या भानगडीत पडू नका असेच सांगितले. विलायतेतच कितीतरी लोक या धंद्यात बुडाले, मग हिंदुस्थानच्या हवेत हे काय जमणार, असे त्यांचे म्हणणे होते. पण समोरचा माणूस हटत नाही हे पाहून त्यांनी मदत केली आणि वॉल्टन या गावी सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांना पोचवले.

हे हेपवर्थसाहेब भले माणूस निघाले. त्यांच्या कंपनीने १९०५ साली एका हुशार कुत्र्याचा सिनेमा काढला होता. चोरलेले बाळ तो कुत्रा शोधून काढतो. त्या सिनेमात हेपवर्थ स्वतः, त्यांची बायको, त्यांचे बाळ आणि घरचाच कुत्रा यांनी कामे केली होती! घरची माणसे घेऊन सिनेमा करता येतो, हे दादासाहेबांना तिथे समजले असेल असे मला वाटते. हेपवर्थांनी आपला स्टुडिओ त्यांना मोकळा करून दिला. कॅमेरा कसा लावतात, फिल्म कशी धुतात, तुकडे कसे जोडतात, सगळे दाखवले. हे शिक्षण साधारण आठवडाभरच मिळाले. एका आठवड्यात शिकता आले, कारण आधीचे सगळे त्यांचे घरी शिकून झाले होते. गृहपाठ केलेल्या मुलाला वर्गात लवकर समजते, तसेच हे.

त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला, फिल्मला भोके पाडायचे यंत्र घेतले, फिल्म मागवली आणि १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईला परत आले. दोन महिन्यांत जाऊन, शिकून परत!

वाटाण्याचे रोप

आता सिनेमा काढायला पैसे हवे होते. पण सिनेमा म्हणजे काय हेच ज्यांना माहीत नाही, ते सावकार पैसे कसे देणार? तोंडाने सांगून कोणाला पटेना. तेव्हा दादासाहेबांनी एक युक्ती केली.

त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले. कुंडीसमोर कॅमेरा लावला आणि तो जागचा हलू दिला नाही. महिनाभराहून जास्त दिवस, रोप जसजसे वाढेल तसतशी ते चित्रे घेत राहिले. मग ती सगळी चित्रे पडद्यावर भरभर दाखवली. माती फुटली, कोंब वर आला, पाने उलगडली, वेल वर चढला, आणि हे सगळे जेमतेम एक मिनिटात! महिन्याचे काम डोळ्यांदेखत मिनिटात झाले. बघणारे थक्क झाले. पैसे मिळायची वाट मोकळी झाली.

आपण विज्ञानाच्या तासाला ओल्या कापसावर मूग ठेवून रोज बघतो. आपल्याला रोज थोडाच फरक दिसतो. दादासाहेबांनी तोच फरक जोडून दाखवला. मला हा त्यांचा सगळ्यांत आवडता सिनेमा वाटतो. त्यात राजा नाही, देव नाही, लढाई नाही. एक कुंडी, एक वाटाणा आणि एक धीराचा माणूस, एवढेच आहे.

सरस्वतीबाई

कर्ज मिळाले तरी तारण द्यावे लागते. सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. पण त्यांनी नुसते दागिने दिले असे नाही. त्यांनी कामही शिकून घेतले.

विलायतेहून येणाऱ्या कोऱ्या फिल्मला कडेची भोके नसत. ती घरी पाडावी लागत. भोके नसली तर कॅमेऱ्याचे दाते फिल्म पुढे ओढणार कसे? एका चित्राला प्रत्येक कडेला चार भोके. हे काम अंधाऱ्या खोलीत चाचपडत करायचे, कारण कोऱ्या फिल्मवर उजेड पडला की ती वाया जाते. सरस्वतीबाई हे काम शिकल्या. औषधे मिसळून फिल्म धुवायला शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून त्या उभ्या राहत, म्हणजे ऊन चादरीवर पडून नटांच्या तोंडावर उजेड येई. आणि हे सगळे करून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक!

पुस्तकात दादासाहेबांचे नाव मोठ्या अक्षरात असते आणि सरस्वतीबाईंचे बारीक अक्षरात असते. म्हणून मी त्यांचे नाव वर मथळ्यात लिहिले आहे.

राजा हरिश्चंद्र

गोष्ट निवडली राजा हरिश्चंद्राची. दादरला एका बंगल्यात काम सुरू झाले. माणसे मिळवणे मोठे कठीण गेले. सिनेमात काम करणे लोकांना कमीपणाचे वाटे. म्हणून कामाला येणाऱ्यांनी, आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगावे, असे दादासाहेबांनी शिकवून ठेवले होते म्हणतात. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. राजाचा मुलगा रोहिदास झाला दादासाहेबांचाच मुलगा भालचंद्र.

राहिली तारामती राणी. एकही बाई काम करायला तयार होईना. शेवटी मुंबईच्या एका हॉटेलात अण्णा साळुंके नावाचा स्वयंपाकी दिसला. सडपातळ अंग, नाजूक हात. दादासाहेबांनी त्यालाच राणी केले. हॉटेलात त्याला महिना दहा रुपये मिळत, इथे पंधरा ठरले.

कॅमेरा चालवायला त्यांनी त्र्यंबकचा आपला बालमित्र तेलंग याला शिकवले. विलायतेत स्वतः शिकले आणि इथे येऊन लगेच दुसऱ्याला शिकवले. दिवसा उन्हात चित्रण, रात्री घरी फिल्म धुणे. विजेचे दिवे नव्हते, सूर्य हाच दिवा.

आणि जादू? ती इथे उपयोगी पडली. समजा, देव एकदम प्रकट झालेला दाखवायचा आहे. मग सगळ्या नटांनी आहे तिथे, आहे तसे पुतळ्यासारखे उभे राहायचे. कॅमेऱ्याचा दांडा थांबवायचा. देव झालेल्या नटाने येऊन मध्ये उभे राहायचे. पुन्हा दांडा फिरवायचा. पडद्यावर मधला वेळ दिसतच नाही, म्हणून देव हवेतून आल्यासारखा वाटतो. कोणी जरासा हलला तर मात्र जादू फसते.

हे काम सहा महिने सत्तावीस दिवस चालले. ३,७०० फूट लांबीचा सिनेमा तयार झाला. एका फुटात सोळा चित्रे असतात. मी गुणाकार करून बघितला. ३,७०० गुणिले १६ म्हणजे ५९,२०० चित्रे! त्यातले एकेक चित्र हाताने दांडा फिरवून घेतलेले. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरात मोठ्या लोकांना सिनेमा दाखवला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात तो सगळ्यांसाठी लागला. सिनेमाला आवाज नव्हता. मजकूर पडद्यावर लिहून येई. तरी लोकांनी गर्दी केली.

पुढची वर्षे

त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकला नेला. तिथे मोहिनी भस्मासुर हा सिनेमा झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केले. म्हणजे बायका सिनेमात आल्या. १९१४ साली ते पुन्हा विलायतेला आपले सिनेमे घेऊन गेले. तिथल्या लोकांनी त्यांना तिथेच राहून काम करायला सांगितले, पण ते परत आले. दोन वर्षांपूर्वी जिथे विद्यार्थी म्हणून गेले होते, तिथेच आता त्यांना काम करायला बोलावत होते!

१९१७ साली लंकादहन आला. त्यात अण्णा साळुंके रामही झाले आणि सीताही झाले. या सिनेमाच्या तिकिटांचे नाण्यांचे पैसे बैलगाडीतून न्यावे लागले असे सांगतात. १९१९ साली कालिया मर्दन आला. त्यात बाळकृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. ती तेव्हा आमच्यापेक्षाही लहान होती.

१९१७ साली त्यांनी आणखी एक छोटा सिनेमा काढला, सिनेमा कसा तयार करतात हे दाखवणारा. त्यात दादासाहेब स्वतः दिसतात. नटांना काम समजावून सांगतात, फिल्मची पट्टी उजेडात धरून तपासतात. आपल्याला मुंबईत शिकवायला कोणी नव्हते हे त्यांना आठवत असेल. म्हणून त्यांनी पुढच्यांसाठी धडाच काढून ठेवला.

पुढे भागीदारांशी मतभेद झाले. काही काळ ते काशीला जाऊन राहिले आणि नाटक लिहिले. मग परत आले. १९३१ साली बोलका सिनेमा आला आणि मुक्या सिनेमाचे दिवस संपले. दादासाहेबांनी १९३७ साली कोल्हापूरला गंगावतरण हा बोलपट काढला. तो त्यांचा शेवटचा. नंतरची वर्षे नाशिकला हलाखीत गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते वारले.

१९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू केले. सिनेमाच्या क्षेत्रातला तो आपल्या देशातला सर्वांत मोठा मान आहे. त्यांच्या बहुतेक सिनेमांच्या फिल्म मात्र नाहीशा झाल्या. राजा हरिश्चंद्राची पहिली आणि शेवटची रिळे तेवढी पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहेत. तीसुद्धा १९१७ साली नव्याने केलेल्या सिनेमाची असावीत असे काही अभ्यासक म्हणतात. मधली दोन रिळे गेली ती गेलीच.

मला काय वाटते

शिकणे म्हणजे लहान मुलांचे काम, असे आपल्या गावात मानतात. मोठी माणसे म्हणतात, आता आमचे काय वय राहिले आहे शिकायचे! पालकांनो, राग मानू नका. दादासाहेब एक्केचाळीस वर्षांचे होते, डोळ्याला चष्मा होता, डोक्यावर कर्ज होते, तरी ते विद्यार्थी म्हणून विलायतेला गेले. सरस्वतीबाईंना घरची एवढी कामे होती, तरी त्या अंधाऱ्या खोलीत नवे काम शिकल्या. कोणीही त्यांची परीक्षा घेणार नव्हते आणि कोणीही त्यांना पास करणार नव्हते.

आणि मित्रांनो, त्यांचे कुठलेही शिकणे वाया गेले नाही हे बघा. चित्रकला देखावे रंगवायला आली, फोटो काढणे कॅमेरा चालवायला आले, छापखाना फिल्म धुवायला आला, आणि जादू देव आणायला आली. आपल्यालाही पाढे, चित्रकला आणि कार्यानुभव या तासांचा पुढे कशाला उपयोग होईल हे आज सांगता येत नाही. म्हणून सगळेच नीट शिकावे.

आज पुष्कळांच्या घरी मोबाइल आहे आणि त्यात कॅमेरा आहे. त्याला दांडा फिरवावा लागत नाही. पण उजेड, अंतर, चौकट आणि धीर हे धडे अजून तेच आहेत. ज्यांना शक्य असेल त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरून बघावा.

थोर दादासाहेब आणि सरस्वतीबाई यांना माझा नमस्कार.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी